तळ्याचा काळा कागद

माझी मोठी बहीण वरणगावच्या पुढच्या एका खेड्यात राहते. मी तिला अक्का म्हणते. आमचं माहेर नरडाण्याजवळ, घरची बोली अहिराणी. लग्न होऊन ती तिकडे केळीच्या पट्ट्यात गेली तेव्हा तिच्या तोंडचं 'आहे'ऐवजी 'शे' ऐकून सासरची पोरंटोरं हसायची. तिने लवकरच ते बोलणं सोडलं आणि त्यांची बोली उचलली. मी गेले की मात्र दारातच तिची जीभ मोकळी व्हायची. "काय व, इतला उशीर?" असं म्हणत ती माझ्या हातातली पिशवी ओढून घ्यायची.

अक्का बारावीला शास्त्र शाखेत होती. निकाल लागला, चांगले गुण पडले आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. स्थळ चांगलं होतं, बागायती होती, कोणी तिच्यावर जबरदस्ती केली असंही नाही. त्या काळी आमच्याकडे तसंच चालायचं. माझी पाळी आली तोवर वडिलांचा विचार बदलला होता. मी शिकत गेले, धुळ्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. चाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं.

माझा विषय बेडकांचा होता. कुठल्या जातीचा बेडूक किती उष्णता सोसतो, आणि तो कुठे राहतो, कसा वाढतो, याचा त्या सोसण्याशी काय संबंध आहे, एवढंच मला पाहायचं होतं. खानदेशात उन्हाळ्याबद्दल कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दुपारी रस्ते ओस पडतात, माणसं कूलरपुढे पडून राहतात, शेतातली कामं पहाटे उरकतात. बेडकाला कूलर नाही, घामही नाही. त्याची कातडी सतत ओली राहिली पाहिजे. मग तो इथे जगतो कसा, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला होता असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे तो माझ्या मार्गदर्शकांनी सुचवला.

मी आधी धुळ्यात पांझरेच्या पात्रात हिंडले. तिथल्या डबक्यांत गटाराचं पाणी येत होतं, त्यामुळे काही ठरवता येईना. तेव्हा मला अक्काच्या मळ्यातला हौद आठवला.

हा हौद तिच्या सासऱ्यांनी बांधलेला. पूर्वी विहिरीचं पाणी मोटरने हौदात पडायचं आणि हौदातून चारीने, म्हणजे मातीच्या पाटाने, केळीत जायचं. ठिबक आल्यावर चारीचं काम संपलं. हौदावर आता धुणं व्हायचं, बैल पाणी प्यायचे, बाकी तो शेवाळून बसलेला. त्याच्यावर एक उंबर वाकलेला होता. पलीकडे थोडी सखल जमीन होती, पाऊस झाला की तिथे पाणी साचून राहायचं. शे-दीडशे पावलांत विहीर, हौद, डबकं आणि केळीची बाग. माझ्यासारखीला याहून चांगली जागा मिळणार नव्हती.

मी अक्काला फोन केला. "तुझ्याकडे येऊन राहिले तर चालेल का? बेडूक बघायचे आहेत."

पलीकडून ती इतकी हसली की मलाही हसू आलं. "ये. आठे बेडूकच बेडूक शेतस. तुन्हा भाऊजींस्ले सोडीसन बठ्ठा ओरडतस."

भाऊजींना सोडून बठ्ठे, म्हणजे सगळे, ओरडतात हे खरंच होतं; ते कमी बोलणारे. मला ते 'मॅडम' म्हणायचे. पहिल्यांदा थट्टेने म्हणाले असावेत, मग तेच कायम झालं.

त्या पहिल्या पावसाळ्यात मी जवळजवळ प्रत्येक सुट्टीत तिकडे होते. पहिल्याच सकाळी अक्काने मला हौदावर नेलं आणि उंबराच्या फांदीकडे बोट दाखवलं. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढरट फेसाचा गोळा लटकत होता, मूठभर, घट्ट फेटलेल्या पिठासारखा.

"हाऊ काय शे ते सांग. दरसाल येस. मी झाडूघाई पाडी टाकस."

मी तिला सांगितलं की हे बेडकाचं घरटं आहे. केळीच्या पानांच्या खाचीत जो सडपातळ, मोठ्या डोळ्यांचा, झाडावर चढणारा बेडूक असतो ना, त्याची मादी पाण्यावरच्या फांदीला असा फेस करते आणि त्यात अंडी घालते. वरचा थर वाळून पापुद्रा धरतो, आत ओल राहते. पिल्लं थोडी वाढली की खालून फेस विरघळतो आणि ती टपटप पाण्यात पडतात.

अक्का फांदीखाली जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आन मी बठ्ठं झाडी टाकत व्हती."

"तुला कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, ते खरं शे," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तो झाडू हौदाकडे आला नाही.

मी तापमापीचं टोक हलकेच फेसात खुपसलं. बाहेरच्या हवेपेक्षा आत बराच थंडावा होता. अक्काने तापमापी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि आकडा मोठ्याने वाचला. बारावीच्या प्रयोगशाळेत जसा वाचत असेल तसा, जपून, दशांशासकट. नंतर तापमापी तिच्याकडेच राहिली. मी बेडूक शोधायचे, ती माप घ्यायची. एकदा तिच्या जाऊबाईंनी विचारलं, "हे काय करू राहिली तू?" तर ती म्हणाली, "कॉलेजचं काम आहे." त्या उत्तरातला तोरा मला अजून आठवतो.

माझ्या कामातला एक भाग तिला अजिबात आवडला नाही. बेडूक एका काचेच्या भांड्यात ठेवून पाणी अगदी हळूहळू गरम करायचं. अधूनमधून त्याला उलटं करायचं. अंगात बळ असेपर्यंत तो झटकन सुलटा होतो. ज्या क्षणी त्याला सुलटं होता येत नाही, तो क्षण टिपायचा आणि ताबडतोब त्याला थंड पाण्यात टाकायचं. तो सावरतो, मग सोडून द्यायचा. रीतसर परवानगी काढलेली होती, एकही बेडूक माझ्या हातून मेला नाही. तरी अक्का पडवीत पाठ फिरवून बसायची.

"त्याले उलटा काब्र करस? तो काय सांगी तुले?"

"का म्हणजे? किती सोसवतं ते सांगतो."

"इचारीसन कोनी सांगस का?" असं म्हणून ती आत गेली. पण बेडूक सावरला का, हे आतूनच दोनदा विचारलं.

हळूहळू चित्र स्पष्ट होत गेलं. केळीतला बेडूक उष्णता चांगली सोसायचा. तो उघड्यावर, झाडावर राहणारा, त्याला ती सवय असावी. शिवाय केळीचं पान जिथे खोडाला मिळतं तिथे पन्हळ असते, तिच्यात दव आणि पाणी साठतं, आणि भर उन्हातही हा त्या खाचीत अंग चोरून बसतो. विहिरीतला बेडूक सोसण्यात कच्चा. पण त्याला सोसायची वेळच येत नव्हती, कारण त्याचं सगळं आयुष्य खोल, गार पाण्यात. सखल जमिनीतला गोल, बसका बेडूक मागच्या पायांनी माती उकरून खाली जायचा आणि उन्हाळाभर वर यायचाच नाही. आणि अंगावर खडबडीत पुटकुळ्या असलेले भेक दिवसा गोठ्यातल्या दगडांखाली असायचे. प्रत्येकाने आपापली सावली शोधून ठेवलेली होती.

हे सगळं मोठ्यांचं झालं. पिल्लांना असं काही निवडता येत नाही. आई जिथे अंडी घालेल तिथल्या पाण्यात ती वाढणार. आणि सगळ्यात नाजूक वेळ शेवटची असते. बेडूकमाशाला चार पाय फुटलेले असतात, शेपटी अजून असते, पाण्यातला श्वास संपत आलेला असतो आणि हवेतला नीट जमलेला नसतो. तोंडाची रचना बदलत असते म्हणून खाताही येत नाही, शेपटीच आतल्या आत जिरवून तो दिवस काढतो. त्याला धड पोहता येत नाही, धड उडी मारता येत नाही. थोडं ऊन जास्त झालं तरी तो जातो.

हे मी अक्काला हौदाच्या काठावर बसून सांगितलं होतं. खाली दगडांच्या फटींत शेवाळावर असली चार-दोन पिल्लं बसलेली होती, वरून उंबराची सावली. ती म्हणाली, "म्हंजे बायतीनसारखं शे. त्या दिनमा जपनं पडस." मग बाळंतिणीला जपावं तसं तिने धुण्याचा दगड त्या बाजूने उचलून दुसरीकडे नेला, साबणाचं पाणी तिकडे जाऊ नये म्हणून.

दोन पावसाळे असे गेले. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. लहानपणी आम्हा बहिणींना एकत्र असं राहायला फार मिळालं नव्हतं. मी शाळेत असतानाच ती सासरी गेली. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावरची ती आणि चाळिशी ओलांडलेली मी गमबूट घालून डबक्यात उभ्या राहायचो, आणि घरी परतून कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खाताना आज काय दिसलं यावर वाद घालायचो.

विहिरीचं पाणी मात्र उन्हाळ्यात तळ गाठू लागलं होतं. केळीला एक दिवस पाणी चुकलं तरी पानं करपतात, आणि घड भरायच्या वेळी तसं झालं तर वर्षाची मेहनत जाते. भाऊजींनी शेततळं करायचं ठरवलं. जागा विहिरीजवळच हवी होती. विहिरीजवळ म्हणजे हौद आणि ती सखल जमीन. उंबरही काढावा लागणार होता, कारण त्याची मुळं तळ्यातला कागद फोडतात. कागद म्हणजे जाड काळं प्लास्टिक. पाणी मुरू नये म्हणून ते तळभर आणि काठावर अंथरतात. शेतकरी त्याला कागदच म्हणतात.

मी दिवाळीला गेले तेव्हा भाऊजी मोजमाप घेत होते. मला पाहून म्हणाले, "मॅडम, तुमच्या बेडकांना हौद पुरत नव्हता. आता समुद्रच करून देतो."

आम्ही सगळे हसलो. अक्काही हसली. मलाही वाटलं, पाणी वाढलं तर वाईट काय आहे? पाणी जास्त म्हणजे बेडूक जास्त, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा होता. उंबर तोडायच्या दिवशी अक्का शेतात गेली नाही, एवढंच. फोनवर म्हणाली, "आवाज घरलोंग येत व्हता."

पुढच्या जूनमध्ये तळं भरलेलं पाहिलं आणि मी खूश झाले. एवढं पाणी त्या रानात कधी नव्हतं. भोवती लोखंडी जाळीचं कुंपण, आत काळा उतार, मध्ये हिरवट निळं पाणी. झाडावरचे बेडूक केळीतून आले होते. फांदी नव्हती म्हणून त्यांनी मिळेल तिथे फेस केला होता: कुंपणाच्या जाळीला, पाण्यावर आलेल्या मोटरच्या पाइपला, एकाने तर खुंटीला. जाळीवरचे गोळे दुपारपर्यंत वाळून कडक झाले. बोटाने दाबले की बिस्किटासारखे फुटत होते, आत काही उरलेलं नव्हतं. पाइपाखालचे तेवढे वाचले. भेकांनी पाण्यात काळ्या मण्यांच्या माळांसारखी अंडी सोडली होती. थोड्याच दिवसांत तळ्यात बेडूकमाशांचे थवे फिरायला लागले. ऊन चढलं की ते खाली खोल पाण्यात जायचे, उतरलं की वर यायचे. खोली होती म्हणून ते जगले. मी मार्गदर्शकांना आनंदाने कळवलं की शेततळ्यात पिल्लांची वाढ चांगली होते आहे.

जुलैत पावसाने उघडीप दिली. आकाश निवळलं आणि उन्हाळ्यासारखं ऊन पडायला लागलं. एका सकाळी मी वर्गात शिकवत असताना अक्काचे एकामागून एक फोन आले. बाहेर येऊन उचलला.

"तू लवकर ये व. आठे बठ्ठं बिघडी गयं."

"काय झालं? भाऊजी बरे आहेत ना?"

"माणसं बरी शेतस. तुन्हा लहान्या बेडक्या..." तिने फोन ठेवला.

रजा टाकून एसटीने निघाले. जळगावला गाडी बदलली, भुसावळला बदलली. वरणगावला उतरून तिच्या गावात पोचले तेव्हा दुपार उलटून गेली होती. अक्का घरी नव्हती. मी तशीच मळ्यात गेले.

ती तळ्याच्या काठावर, कुंपणाच्या आत, उताराच्या वरच्या कडेला बसली होती. हातात अंघोळीचा मग होता. वाकून, जिवावर उदार होऊन ती खालून पाणी उपसत होती आणि कागदावर शिंपडत होती. पाणी कागदावर पडताच पसरायचं आणि बघता बघता वाळायचं.

उतारावर सगळीकडे पिल्लं होती. भेकांची पिल्लं तांदळाच्या कणीएवढी, काळ्यावर काळी, मी आधी त्यांना मातीचे कण समजले. ती कोरडी होऊन चिकटली होती. झाडावरच्या बेडकांच्या पिल्लांची बोटं चिकट असतात, त्यामुळे ती निसरड्या कागदावर चढू शकत होती. पण शेपटी असलेल्या अवस्थेत ती थोडं चढतात आणि थांबतात, पुन्हा चढतात आणि थांबतात. पहाटे निघालेली अर्ध्या वाटेवर असतानाच ऊन आलं होतं. हौदात थांबायला दगडाची फट होती, शेवाळ होतं. इथे तापलेलं काळं प्लास्टिक होतं, वर आभाळ. मी तळवा टेकला आणि झटकन उचलला. अक्काच्या हाताला फोड आला होता.

"बाहेर येवाले रस्ताच नई शे त्यास्ले," ती म्हणाली. "पान्यामा बठ्ठं चांगलं व्हतं. बाहेर निंघी गयात आन..."

काठालगत एक मोठा भेक पोहत होता. पाणी प्यायला आला असेल आणि घसरला असेल. तो उतारावर चढायचा प्रयत्न करायचा, घसरायचा, पुन्हा पोहायला लागायचा. मी त्याला जाळीने काढलं. माझ्या हातात तो हललाही नाही, नुसता धापा टाकत राहिला. मी त्याला केळीखाली ओल्या मातीवर ठेवलं.

"आते काय करूत?" अक्काने विचारलं.

मोठे बेडूक किती उष्णता सोसतात याचे तक्ते माझ्याकडे होते, पिल्लं पाण्यात कशी वाढतात याची निरीक्षणं होती. पाण्यातून बाहेर पडतानाच्या त्या हातभर वाटेसाठी माझ्याकडे काहीही नव्हतं.

शेवटी आम्ही गोणपाटं आणली. खताची नव्हेत, धान्याची जुनी, तागाची. ती चिरून लांब पट्टे केले, वरचं टोक कुंपणाला बांधलं, खालचं पाण्यात सोडलं. पाणी तागातून वर चढत गेलं आणि पट्टे ओले राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी काठावर जाऊन बसलो. उजाडताना पहिलं पिल्लू गोणपाटावर दिसलं. शेपटीचा नुसता शेंडा उरलेला, डोळे अंगाच्या मानाने मोठे. ते विणीत बोटं अडकवत वर आलं, कुंपणापाशी थांबलं आणि टुणकन गवतात गेलं. अक्काने माझा हात इतका घट्ट धरला की तिचा फोड फुटला.

तीन-चार दिवस असं चाललं. सगळी वाचत होती असं नाही, पण बरीच वाचत होती. मग एके सकाळी भाऊजी तावातावाने आले. हातात ठिबकच्या गाळणीची जाळी होती, तिच्यावर तागाच्या धाग्यांचा लगदा.

"हे बघा, मॅडम. अर्ध्या बागेला पाणी गेलं नाही. काल सकाळपासून गेलेलं नाही, मला आत्ता कळलं."

अक्का म्हणाली, "गाळणी धुऊन लावा ना. मी धुते."

"रोज धुशील? घड भरणीवर आहेत. या उन्हात दोन दिवस पाणी नाही मिळालं तर काय होतं, तुला सांगायला पाहिजे?"

"आणि ती पिल्लं?"

"पिल्लं!" भाऊजींचा आवाज चढला. "मी काही कोणाला मारायला तळं नाही खोदलं. पाण्यासाठी खोदलं. झाड तोडलं तेव्हा मला बरं वाटलं का? वडिलांनी लावलेलं होतं ते."

उंबराबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. अक्काने गाळणीची जाळी त्यांच्या हातातून घेतली. त्यांचं म्हणणं खरं होतं. मी केळीच्या बागेकडे पाहिलं तर पलीकडच्या ओळींची पानं खरोखरच मिटली होती, कडा पिवळ्या पडत होत्या.

भाऊजींनी पाइपाच्या बाजूचे सगळे पट्टे ओढून काढले. जाता जाता म्हणाले, "तो पलीकडचा कोपरा ठेवा. मोटरपासून लांब आहे. तिथे काय करायचं ते करा."

आम्ही त्या एका कोपऱ्यात उरलेलं गोणपाट दुहेरी घातलं. संध्याकाळी भाऊजींनी रोपांवर टाकायची जुनी हिरवी जाळी आणून दिली आणि बांबू रोवून ती वर ताणून दिली. त्या कोपऱ्यातून पिल्लं निघत राहिली. तळ्याच्या बाकीच्या तीन बाजूंना जी निघाली, त्यांचं काय झालं ते बघायला आम्ही दुपारी जाणं सोडून दिलं.

मी धुळ्याला परतले. प्रबंधात त्या उघडिपीवर एक प्रकरण वाढलं. मार्गदर्शक म्हणाले, तेच सगळ्यात चांगलं झालं आहे. ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

मौखिक परीक्षा जळगावला झाली. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. अक्का जळगावातल्याच पिंप्राळ्याला तिच्या नणंदेकडे आदल्या दिवशी मुक्कामाला आली आणि सकाळी रिक्षा करून वेळेआधी पोचली. नवं लुगडं नेसली होती. शेवटच्या रांगेत बसली. मी उभी राहून पडद्यावर हौदाचा, फेसाचा, तळ्याचा फोटो दाखवत होते आणि माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात होती. एका परीक्षकांनी विचारलं, यावर उपाय काय? मी गोणपाटाची, सावलीच्या जाळीची, काठावर थोडी माती आणि झाड राखायची गोष्ट सांगितली. हे माझ्या बहिणीने केलं, असंही सांगितलं. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अक्काने मान खाली घातली.

नंतर आम्ही दोघी बाहेर एका हॉटेलात शेवभाजी खायला गेलो. ती खूश होती, भरभरून बोलत होती. अमुक प्रश्नाला तू छान उत्तर दिलंस, तमुक फोटो उलटा लागला होता. मग एकदम थांबली. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "माले बी पुढे शिकनं व्हतं."

एवढ्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. तक्रारीच्या सुरात नाही, कोणाला दोष देऊन नाही. जेवणात मीठ थोडं कमी आहे असं सांगावं, तसं.

मी म्हटलं, "अक्का..." आता शीक, असं म्हणता आलं असतं. मुक्त विद्यापीठाचं नाव घेता आलं असतं. पण ज्या वयात ती तापमापी हातात यायला हवी होती ते वय गेलेलं होतं आणि हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिने तुकडा रश्श्यात बुडवला आणि विषय बदलला.

त्याला आता काही वर्षं झाली. प्रबंध ग्रंथालयात आहे. मी अक्काकडे जाते, पण पूर्वीसारखी आठवडा-आठवडा राहत नाही. तिचे गुडघे दुखतात, गमबूट तिने मजुराच्या बायकोला देऊन टाकले. आजूबाजूच्या मळ्यांत आणखी शेततळी झाली. ती व्हायला हवीतच, पाण्याशिवाय लोक काय करतील? कोपऱ्यातलं गोणपाट दरवर्षी बदलायला कोणी तरी लागतं. पहिली दोन वर्षं अक्काने बदललं. मग एका वर्षी ती आजारी होती, त्या वर्षी राहिलं. दुसऱ्या एका वर्षी पाऊसच इतका उशिरा आला की पाइपावर फेस दिसलाच नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये मी दोन दिवस राहायला गेले. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. सरी येऊन गेल्या होत्या, केळीची पानं ठिबकत होती. बागेतून आवाज यायला लागला, लाकडावर लाकूड आपटावं तसा, टक टक टक. थोड्या वेळाने दुसरीकडून तसंच उत्तर आलं.

अक्काचा चेहरा खुलला. "आयक. शेतस आजून."

मी ऐकत राहिले. सकाळीच मी तळ्याभोवती एक फेरी मारून आले होते. पाइपावर, जाळीवर, खुंटीवर फेस नव्हता. पाण्यात बेडूकमासे नव्हते. बागेत केळीच्या खाचींत डोकावले तर तीन-चार बेडूक दिसले, सगळे मोठे, भरलेल्या अंगाचे. या वर्षीचं, गेल्या वर्षीचं लहान असं एकही नाही. हे बेडूक बरीच वर्षं जगतात. उष्णता सोसण्यात ते पक्के, मीच तसं मोजून लिहिलेलं आहे. पानाच्या खाचीत बसून ते हाही उन्हाळा काढतील, पुढचाही काढतील, आणि दर पावसाळ्यात असेच मादीला बोलावत राहतील.

हे तिला सांगावं की नाही, मला ठरवता येईना. तिनेच विचारलं.

"सकाळे गयी व्हतीस ना तू तळ्यावर. लहान्या दिसन्यात का?"

"नाही, अक्का."

"एक बी नई?"

"एकही नाही. हे जुनेच आहेत."

तिने मान हलवली. "माले बी तसंच वाटनं व्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, तू सांगशी ते येगळं व्हई."

आतून भाऊजींनी चहाला हाक मारली. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. मी आणखी थोडा वेळ तिथेच बसले. बागेतला एक आवाज थांबला होता, दुसरा चालू होता.